भोवऱ्याचा दुसरा भाग

"मॅडम, पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यात आता मनच लागत नाही. माझं काही बिनसलंय का?"

ठाण्यात पाचपाखाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की समोरचा बसायच्या आत मला त्याचा वास येतो. कुणाचं ट्रेकिंग सुटलेलं असतं, कुणाची पेटी कपाटावर धूळ खात असते. एका बाईंना तर हौसेने आणलेले दिवाळी अंक न वाचल्याचा अपराधीपणा छळत होता. बहुतेकांनी येण्याआधी मोबाइलवर डिप्रेशनची चाचणी सोडवलेली असते, आणि तिच्यात ते पहिल्या श्रेणीत पासही झालेले असतात.

निखिल (नाव बदललं आहे) त्यांच्यातलाच. वय ३७, घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. त्याचं आटलेलं प्रेम म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स', राज्य उभारून लढाया करायचा कॉम्प्युटर गेम. मला व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही, हे मी पहिल्याच भेटीत कबूल केलं. त्याचा फायदाच झाला, कारण त्याला सगळं मुळापासून सांगावं लागलं.

तो वाढला कोपरीत, दोन खोल्यांत. कॉम्प्युटर होता तो वाशीच्या आत्याकडे, आणि त्याच्यावर राज्य होतं चार वर्षांनी मोठ्या आतेभावाचं, म्हणजे दादाचं. २००१ची मे महिन्याची सुट्टी. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे हा तेरा वर्षांचा मुलगा बसने धक्के खात वाशी गाठायचा. स्टेशनबाहेर घेतलेली दुसऱ्या भागाची चोरटी सीडी. सुरुवातीला हाताशी तीन गावकरी आणि एक घोडेस्वार, बाकी नकाशा काळाकुट्ट. घोडेस्वार फिरेल तेवढाच उजेड. मेंढ्या ज्याच्या नजरेला पडतील त्याच्या. रानडुकराला डिवचायचं, गावाकडे धूम ठोकायची आणि तिथे सगळ्यांनी मिळून त्याला लोळवायचं, की झाली जेवणाची सोय. सलादीन, बार्बारोसा, जोन ऑफ आर्क ही मंडळी मराठी माध्यमातल्या या मुलाला पाठ्यपुस्तकाआधी इथेच भेटली. दोघा भावांनी एका शंभरपानी वहीत या गेमसाठी मराठ्यांचं राज्यही आखलं होतं. "आमच्या किल्ल्याला दगड निम्माच लागायचा," तो म्हणाला. पहिल्या तीन भेटींत तो मोकळा हसला तो एवढ्याच वाक्याला.

आणि आता? २०१९ मध्ये तोच दुसरा भाग नव्या रूपात आला, याने घेतला. २०२१ मध्ये चौथा आला, तोही घेतला. २०२२ मध्ये भारतीय राजवटींची खास भर आली. गुर्जर, द्रविड, बंगाली, लहानपणी ज्याची वाट पाहिली तसलंच काहीतरी. तीही घेतली. शनिवारी रात्री मुलगी झोपली की तो लॅपटॉप उघडतो आणि पंचविसाव्या मिनिटाला मिटतो. "वेळ काढलायस तर खेळ तरी धड," बायको म्हणते. "आतलं काहीतरी मेलंय मॅडम," तो म्हणाला.

अशा वेळी मी आधी साध्या गोष्टी विचारते. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात लक्ष लागतं का. निखिल मुलीला उपवन तलावाकाठी सायकल शिकवत होता आणि रविवारचं मटण स्वतः करून दोनदा वाढून घेत होता. मेलेलं मन दोनदा वाढून घेत नाही. वाचणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवते. एखाद्याच छंदातून मन उठणं वेगळं आणि सगळ्यातूनच उठणं वेगळं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःची किंमत शून्य वाटत असेल, तर माझे लेख वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

निखिलचं दुखणं ते नव्हतं. मग कुठलं? माझा पहिला अंदाज साफ चुकला. मला वाटलं, हा गेमसाठी झुरत नाहीये, दादासाठी झुरतोय. दादा आता पुण्यात. मी सुचवलं, एका रविवारी दोघं ऑनलाइन खेळा. पुढच्या भेटीत निखिल संकोचून म्हणाला, "वीस मिनिटांत दोघंही कंटाळलो. मग फोनवर तासभर गप्पा मारल्या, आत्याचा गुडघा, दादाचं घराचं कर्ज. मस्त वाटलं. गेम तसाच राहिला." म्हणजे दादा जागच्या जागी होता. एवढ्या वर्षांच्या अनुभवाने मी फेकलेला खडा चुकला होता.

त्यानंतरच्या भेटीत मी गेम बाजूलाच ठेवला.

"लहानपणी भोवरा फिरवायचास?"

"हो, कोपरीत सगळेच फिरवायचो. हातावर घ्यायचो."

"शेवटचा कधी फिरवलास?"

"नाही आठवत."

"सोडायचं ठरवलंस तेव्हा वाईट वाटलं?"

"ठरवलं कुठे? सुटला."

"मग या गेमलाच सुटू का देत नाहीस?"

तो गप्प झाला. खाली रस्त्यावर दोन रिक्षावाल्यांचं जुंपलं होतं. ते भांडण मिटलं तरी हा गप्पच. मी मध्ये काही बोलले नाही. न बोलणं शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत, ते वाया घालवायचं नव्हतं. मग तो एकदम म्हणाला, "मॅडम, भोवऱ्याचा दुसरा भाग येत नाही ना!"

आणि बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. तिसरा भाग २००५ मध्ये आला तेव्हा बारावी होती. गेम बनवणारी एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा वाटलं, चला, संपलं. पण २०१३ मध्ये दुसरा भाग चकाचक होऊन परत आला, आणि मग येतच राहिला. "दर वेळी वाटतं, आपल्यालाच बोलावणं आलंय. नाही गेलो तर घरचं कार्य चुकवल्यासारखं."

त्या रात्री मी घरी जाऊनही याच वाक्याभोवती घुटमळत होते. गोट्या, भोवरे, पतंग यांचे मोसम असायचे. मोसम सरला की खेळ मागे पडायचा. एखाद्या वर्षी मोसम आला तरी आपण उतरायचो नाही, आणि कुणी जाब विचारायला येत नसे. तरुण सहकारी मला हसतात, पण डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाचा हात मी अजून सोडलेला नाही. लहान मूल ज्या गोधडीशिवाय झोपत नाही, तिचं पुढे काय होतं, हे त्याने फार हळुवारपणे पाहिलं. मूल तिच्यासाठी शोक करत नाही आणि तिला विसरतही नाही. तिच्यातला अर्थ हळूहळू निघून जातो, इतकंच. निखिलची गोधडी मात्र माळ्यावर जायला तयारच नव्हती. दर काही वर्षांनी नवं अस्तर लावून ती दारात उभी राहायची, आणि हा बिचारा पांघरून बघायचा, ऊब येते का.

ऊब येते का हे तपासत बसलं की ती येत नाही. झोप लागली का हे बघायला कुणी जागं राहतं का? मी त्याला गेम काढून टाकायला सांगितलं नाही. हल्ली निरोपाची पत्रं लिहून घेण्याची पद्धत आहे, मला ती आवडत नाही. जे आपसूक जायचं आहे, त्याची मिरवणूक कशाला काढायची? मी फक्त शनिवारची राखीव वेळ रद्द करायला सांगितली. खेळावंसं वाटलं तर मंगळवारी दुपारीही खेळ, पण मजा येतेय का हे मोजू नकोस. नवा भाग आला की विकत घेण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: मला खेळायचंय, की हजेरी लावायचीय? दिवाळी अंकवाल्या बाईंनाही मी हेच विचारलं होतं. त्यांनी पुढच्या वर्षी एकच अंक घेतला आणि तो वाचला.

दोन महिन्यांनी निखिल आला. मुलीची सायकल, ऑफिस, आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, असं बरंच बोलला. निघताना मी विचारलं, "आणि शनिवार?"

"कुठला शनिवार?" तो म्हणाला. चपला घालता घालता थांबला, आणि मग त्यालाच आठवलं.