तक्त्यातली तारीख रात्री बाराला बदलत नाही

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. द्राक्षबाग फुलोऱ्यात, हवामान खात्याच्या अंदाजाच्या तक्त्यात आज पिवळा रंग, म्हणजे पावसाबाबत सावध राहा, उद्या कोरडं. दिवसभर थेंब नाही, मग पहाटे फवारणीला ब्लोअर काढू का, असं तुम्ही विचारलंय. काढू नका. उद्या सकाळी साडेआठपर्यंत तरी थांबा.

मी नेमकं हेच केलं होतं, नोव्हेंबरअखेरच. 25 ला विजांसह पाऊस दाखवला होता, 26 कोरडी. 25 चा दिवस कोरडा गेला. रात्री बारा वाजून गेले, म्हटलं आता धोका टळला. पहाटे चारला ट्रॅक्टर काढला. शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या आणि शेडच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. अर्ध्या तासात सगळं औषध धुऊन गेलं. हवामान खात्याच्या अंदाजातला दिवस सकाळी 8.30 ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 ला संपतो. म्हणजे तो पाऊस त्यांच्या हिशेबात 25 चाच. अंदाज चुकला नव्हता, मी चुकलो होतो. पुढच्या आठवड्यात घडाला नुसता हात लावला तरी कळ्या तळहातावर यायच्या. अडीच एकरांत कुज आणि गळ.

राग याचा येतो, की त्याच आठवड्यात एका कार्यालयात मी हेच विचारलं होतं: तारीख कधीपासून कधीपर्यंत धरायची? "साइटवर बघा," एवढंच उत्तर मिळालं. एक वाक्य सांगितलं असतं तर बाग वाचली असती. अजून पचत नाही.

आणखी एक. "तुरळक ठिकाणी" म्हणजे हलका पाऊस नव्हे. किती ठिकाणी पडेल एवढंच त्यात असतं, किती जोरात ते नाही. तुमच्या शिवारावर तोच पाऊस धो धो पडू शकतो.

माझं मत विचाराल तर या दिवसांत नुसता नाशिकचा रकाना बघून चालत नाही, देशाचं बुलेटिन वाचा. काश्मीर-हिमाचलकडे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, आलाय का आणि बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचे दमट वारे इकडे येताहेत का, हे दोन्ही बघा. दोन्ही एकाच वेळी महाराष्ट्रावर भिडले की गारांचा धोका. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडकडे गारपिटीनं काय झालं ते आठवा. व्हॉट्सॲपवरच्या लाल नकाशांवर तारीखच नसते, ते सोडून द्या.

मी हवामानतज्ज्ञ नाही, साधा बागायतदार आहे. औषध कोणतं ते तुमच्या सल्लागारालाच विचारा. फक्त आभाळ मोकळं झालं की उत्तरेचे वारे सुटतात आणि पारा झपकन उतरतो, म्हणून बागेत ऊब धरायला लागणारी शेकोटीची लाकडं आजच झाकून ठेवा, भिजली की नुसता धूर होतो. छाटणीची तारीख आणि गाव लिहा, रात्री परत बघतो.