तळाचा मासा वर काढण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अलास्कातल्या सिटकाला जायचं ठरलं, बोट ठरली, आणि खोल पाण्यातला यलोआय रॉकफिश धरायचाच असा तुझा हट्ट आहे, हे वाचलं. तुझी आई काल घरी येऊन गेली. 'तिला समुद्रात जाऊ नको म्हणून तुम्हीच लिहा,' म्हणाली. मी तसं लिहिणार नाही. जा, खुशाल जा. पण तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं: 'काळजी करू नका काका, एक ठेवीन आणि बाकी सगळे सोडून देईन, तुम्ही शिकवलंय तसं.' त्या वाक्याने रात्री झोप लागली नाही. ते मीच शिकवलंय, आणि तिथल्या पाण्यात ते चालत नाही.

हिप्परग्याच्या तलावावर आपण काय करायचो ते आठव. कटला लागला की हात ओले करायचे, गळ अलगद काढायचा, माशाला पाण्यात धरून ठेवायचं आणि कल्ले नीट हलू लागले की सोडायचं. शेपटीचा फटका मारून तो गेला की तू टाळ्या वाजवायचीस. उजनीतल्या रोहूलाही हेच. हे जमतं त्याला कारण आहे. कटला, रोहू, मृगळ यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला घशाकडे जाणारी एक बारीक नळी असते. हवा फुगली तर मासा ती तोंडावाटे सोडून देतो. शिवाय आपण त्यांना दोन-चार मीटर पाण्यातूनच काढतो.

रॉकफिशला ती नळी नाही. त्याची पिशवी बंद असते. तिच्यातली हवा रक्तातून हळूहळू भरते आणि हळूहळूच कमी होते.

तू मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलीस. तळाशी बुडी मारली की कान दुखायचे, तो दाब. पालथी घागर घेऊन खाली गेलीस तर दहा मीटरवर तिच्यातली हवा निम्म्या जागेत मावते. दर दहा मीटरला वातावरणाएवढा आणखी एक दाब वाढतो. आता उलट बाजूने बघ. मासा 80 मीटरवर आयुष्यभर राहिला आहे. तिथे दाब नऊपट. तू रील फिरवून दोन-तीन मिनिटांत त्याला वर आणलंस, तर पोटातली तीच हवा नऊपट जागा मागते. ती जागा कुठून यायची? जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं, डोळे खोबणीतून बाहेर येतात, डोळ्यांत बुडबुडे दिसतात. असा मासा पाण्यात सोडला तरी खाली जाऊच शकत नाही, तरंगत राहतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. 1994 साली मी सिएटलला नोकरीला होतो आणि चार सहकाऱ्यांबरोबर सिटकाला गेलो होतो. पहिलाच यलोआय आला तेव्हा बोटीवर सगळे ओरडले. केशरी अंग, पिवळेधमक डोळे, पाठीवर काटे. एवढा देखणा मासा मी तोवर पाहिला नव्हता. तो मी ठेवला. मग आणखी चार लागले, ते मी सोडले. आपण किती चांगलं करतोय असं मनात होतं, हेही सांगतो. पहिला सोडला तो तरंगला, दुसराही, तिसराही. मला वाटलं, दमलेत, जातील थोड्या वेळाने. चौथा बोटीपासून वीस हातांवर कल्ले हलवत आडवा पडला होता. पांढऱ्या डोक्याचा गरुड आला आणि त्याला पंजात धरून किनाऱ्याकडे घेऊन गेला. मासा जिवंत होता. ते केशरी अंग उन्हात चमकताना अजून दिसतं मला. मी एक मासा खाल्ला आणि चार फुकट मारले, दया म्हणून.

आणि ते मासे किती वयाचे होते, हे मला पुढे कळलं.

माशाच्या कानात एक छोटा खडा असतो. त्याचा पातळ काप काढून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वळी दिसतात. ही मोजणी बरोबर आहे का, हे पडताळायलाही एक खूण मिळाली. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत जो जादा किरणोत्सारी कार्बन सोडला, तो समुद्रात उतरून त्या काळात वाढणाऱ्या माशांच्या या खड्यांतही बसला. ती वळी घड्याळासारखी उपयोगी पडली. त्यातून कळलं की यलोआय शंभरी ओलांडतो. त्याचाच भाऊबंद रफआय रॉकफिश 205 वर्षांचा सापडला आहे. आपला हिप्परग्याचा तलाव 1871 साली पूर्ण झाला. म्हणजे त्याच्याही आधी जन्मलेला मासा.

चार हुतात्मा चौकातून तू रोज शाळेला जायचीस. आज शंभर वर्षांचा असलेला यलोआय, 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा लहान पिल्लू असणार. तो वयात यायलाच वीसेक वर्षं लागतात. कटला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंड्यावर येतो, म्हणून उजनीत दोन पावसाळे चांगले झाले की मासा पुन्हा दिसतो. रॉकफिशच्या खडकावरून तू दहा मासे उचललेस, तर तो खडक तुझ्या हयातीत पूर्वीसारखा भरेल याची खात्री नाही. मोठा झालेला यलोआय फारसा फिरतही नाही. त्याच खडकाच्या कपारीत वर्षानुवर्षं राहतो. तू एक जागा रिकामी केलीस तर शेजारचे येऊन ती भरत नाहीत.

रॉकफिशची मादी अंडी घालत नाही, लाखो जिवंत पिल्लं सोडते. काळ्या रॉकफिशवर झालेल्या अभ्यासात दिसलं की वयस्क माद्यांची पिल्लं जास्त तेलाची शिदोरी घेऊन जन्मतात, भुकेला जास्त टिकतात. म्हणून सगळ्यात मोठा मासा फोटोसाठी हवा असं वाटेल तेव्हा, पोरी, थांब. बहुतेक ती म्हातारीच असते.

आता करायचं काय ते सांगतो.

बोटीवर चढल्याबरोबर नावाड्याला विचार, मासा खाली सोडायचं यंत्र कुठे आहे. 2020 पासून अलास्काच्या समुद्रात हौसेने मासे धरणाऱ्या प्रत्येक बोटीवर ते असलंच पाहिजे, असा नियम आहे. पेटीत आहे म्हणाला तर बाहेर काढायला लाव. वेगळ्या काठीला, दोन-अडीच किलो वजनासकट, बांधून तयार ठेव. मासा वर आल्यावर गाठी मारत बसलीस तर वेळ जातो, आणि इथे मिनिटं मोजायची असतात. यंत्र म्हणजे फार काही नाही. माशाचा ओठ धरणारा चिमटा, त्याला वजन, आणि ठरलेल्या खोलीवर दाबाने आपोआप उघडणारी कळ. काही जण दुधाच्या क्रेटला वजन बांधून पालथं घालतात, मासा त्याच्याखाली अडकून जातो आणि तळाशी गेल्यावर पोहून बाहेर पडतो. तेही चालतं. जिथून काढला त्या खोलीपर्यंत, निदान 30 मीटरपर्यंत त्याला न्यायचं. खाली दाब परत मिळाला की हवा आक्रसते, डोळे आत जातात. अलास्कातच झालेल्या एका अभ्यासात असे खाली नेऊन सोडलेले यलोआय शंभरातले 98 च्या आसपास जगले. पृष्ठभागावर सोडलेले शंभरातले 22 च्या आसपास.

तोंडातून बाहेर आलेला फुगा दिसेल. कुणी सुरी देऊन फोड म्हणेल. फोडू नको. ती हवेची पिशवी नसते, त्याचं जठर असतं.

तरीही यंत्र आहे म्हणून धरत सुटायचं, असं नाही. किती ठेवायचे ते गळ टाकण्याआधी ठरव. तेवढे मिळाले की नावाड्याला जागा बदलायला सांग. भाडं तू दिलंयस, तुझं ऐकतील. 30 मीटरच्या आतल्या पाण्यात काळे रॉकफिश थव्याने मिळतात, काठी वाकवायची हौस तिथे फिटते. लिंगकॉड आणि हॅलिबट या तिथल्या दुसऱ्या माशांना हवेची पिशवीच नसते, त्यामुळे ते वर आणून नीट सोडले तर जातात. हॅलिबट फार मोठा लागला तर तीही मादीच समज.

किती मासे ठेवता येतात, कुठला बंद आहे, हे दरवर्षी बदलतं. जायच्या आदल्या रात्री अलास्काच्या मासेमारी खात्याचा चालू वर्षाचा नियम स्वतः वाच. बोटीवरच्या कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको.

उलटीची गोळी आदल्या रात्रीच घे. कपड्यांचं तुझ्या मैत्रिणीला विचार, ती तिथेच राहते.

ठेवलेला मासा वाया घालवू नको. डोकं टाकतात तिथले लोक, तू टाकू नको, चिंच-तिखट घालून कालवण कर. शेंगाचटणी आणि काळा मसाला आईबरोबर पाठवतोय.

आणि मला लिही. यंत्राला लावून पहिला मासा खाली सोडशील तेव्हा दोर हातात धरून ठेव. कळ उघडली की दोर एकदम हलका होतो. खाली जाताना माशाने किती मीटरवर पहिला हिसका दिला, आणि दोर हलका झाला तेव्हा रीलवर किती आकडा होता, ते तेवढं लिहून पाठव. 1994 मध्ये मला ते कळलं असतं तर मीही मोजलं असतं.

हिप्परग्यावर यंदा पाणी बरं आहे. तुझी काठी तेल लावून ठेवली आहे.

तुझा,
काका