पुराव्यावर आधारलेल्या धोरणशिफारशी लिहायच्या, तर संशोधनाची कौशल्यं कशी शिकावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात एम.ए. झालंय, एका संस्थेत धोरणविषयक टिपणं लिहायची नोकरी नुकतीच लागलीय, वरिष्ठ दर वेळी "याला पुरावा काय?" असं विचारतात, आणि आधी सांख्यिकी शिकावी, सॉफ्टवेअर शिकावं की टिपण लिहायला शिकावं, हे ठरत नाहीये.

मी बारा वर्षं हेच काम करतेय. माझ्या मते या तिन्हींच्या आधी प्रश्न नीट बांधायला शिकावं, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक दाव्याला "कशाच्या तुलनेत?" असं विचारायची सवय लावून घ्यावी. सांख्यिकी त्या प्रश्नाच्या मागोमाग येते, आणि गरज पडली म्हणून शिकलेली सांख्यिकी डोक्यात टिकते.

हे मला कसं कळलं ते सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी बेरोजगार तरुणांच्या एका प्रशिक्षण योजनेचं मूल्यमापन माझ्याकडे आलं. चार महिने खपले. प्रशिक्षण घेतलेल्यांना फोन केले, प्रश्नावल्या भरून घेतल्या. बहुतेकांनी प्रशिक्षण उपयोगी पडल्याचं सांगितलं, सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त जण कामाला लागलेले होते. मी शिफारस लिहिली: योजनेचा विस्तार करावा. बैठकीत टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका बाईंनी एवढंच विचारलं, "ही मुलं प्रशिक्षणाला आलीच नसती, तर यांतल्या किती जणांना काम मिळालं असतं?" माझ्या ऐंशी पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

नंतर योजनेच्या नोंदवहीत एक यादी सापडली. जागा भरल्यामुळे पुढच्या तुकडीसाठी थांबवून ठेवलेल्या अर्जदारांची. त्यांना फोन केले, तर त्यांच्यातलेही बरेच जण मधल्या काळात कामाला लागलेले. दोन गटांत फरक उरला, पण माझ्या अहवालातून जेवढा भासत होता त्यामानाने फारच थोडा. आणि तोही निर्भेळ नव्हता. जागा अर्ज येतील त्या क्रमाने भरल्या होत्या. लवकर अर्ज करणारा माणूस मुळातच जास्त खटपट्या असू शकतो. मग त्याला काम प्रशिक्षणाने मिळालं की खटपटीने? हा एक प्रश्न सोडवताना मी जेवढं शिकले, तेवढं अख्ख्या अभ्यासक्रमात शिकले नव्हते.

"लोकांना उपयोगी वाटलं" हा पुरावा किती फसवा असतो, यासाठी केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास एकदा जरूर वाचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी तो सुरू केला होता. एकसारखी पार्श्वभूमी असलेल्या मुलांच्या जोड्या लावल्या, एकूण 506 मुलं. जोडीतल्या कोणाला मदत मिळणार हे नाणं उडवून ठरवलं. 1939 पासून काही वर्षं मदतीच्या गटातल्या मुलांच्या घरी समुपदेशक जात, शिकवणी मिळे, उन्हाळी शिबिरं होत. साधारण तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, माग काढला आणि 1978 मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक म्हणाले, आम्हाला फायदा झाला. नोंदी मात्र उलटं सांगत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, लवकर मृत्यू अशा बाबतींत मदत मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा वाईट निघाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती. आपण त्या मदतीशिवाय कसे घडलो असतो, हे कोणाही माणसाला आतून दिसत नाही. त्यासाठीच दुसरा गट लागतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते, कारण चांगल्या हेतूने केलेलं काम माणसांचं नुकसान करू शकतं हे त्याआधी मी गंभीरपणे घेतलंच नव्हतं.

म्हणून कामाला हात घालण्याआधी प्रश्न कागदावर लिहा. "प्रशिक्षणाचा उपयोग होतो का?" हा प्रश्न अजून कच्चा आहे. कोणाला, नेमकं काय दिल्यावर, कशाच्या तुलनेत, कोणता बदल, किती काळात, आणि उत्तर मिळाल्यावर कोण काय ठरवणार आहे, एवढं त्यात यायला हवं. शेवटचा भाग लोक हमखास गाळतात. उत्तर "हो" आलं काय आणि "नाही" आलं काय, निर्णय तोच राहणार असेल, तर तो अभ्यास करायची गरजच नाही. हे वरिष्ठांना सुरुवातीलाच विचारा. थोडं अवघड जातं, पण पुढचे कित्येक महिने वाचतात.

आता सराव. सगळ्यात जास्त शिकवणारा सराव म्हणजे दुसऱ्याने छापलेला अभ्यास आपल्या हाताने पुन्हा करून बघणं. थॉमस हर्नडन मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, अ‍ॅमहर्स्टला पीएच.डी. करत होते, तेव्हा वर्गात नेमका हाच गृहपाठ मिळाला होता. त्यांनी रायनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा 2010 सालचा शोधनिबंध निवडला. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या वर गेलं की अर्थव्यवस्थेच्या वाढीचा सरासरी दर उणे 0.1 टक्क्यावर घसरतो, असं त्यात होतं, आणि काटकसरीच्या धोरणांचं समर्थन करताना मोठमोठे नेते त्याचा हवाला देत होते. हर्नडन यांचे आकडे काही केल्या जुळेनात. त्यांनी लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली, आणि लेखकांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच ओळी सुटल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. त्याशिवाय काही देशांची काही वर्षं गाळलेली होती, आणि न्यूझीलंडच्या एकट्या 1951 सालाला ब्रिटनच्या 19 वर्षांइतकंच वजन दिलं गेलं होतं. सगळं दुरुस्त केल्यावर सरासरी 2.2 टक्के आली. जास्त कर्ज असताना वाढ कमी असते हे त्यानंतरही दिसतच होतं, लेखकांनीही तेच म्हटलं, पण 90 टक्क्यांपाशी अचानक कडा कोसळल्यासारखं काही उरलं नाही. आणि धोरणाच्या चर्चेत जोर होता तो त्या कड्यावरच.

तुम्हीही असा एखादा शोधनिबंध निवडा, ज्याचा डेटा खुला आहे. सगळा करायला जाऊ नका. पहिला तक्ता घ्या, ज्यात नुसत्या सरासऱ्या आणि लोकांची संख्या असते, आणि तो हुबेहूब जुळवा. साधं वाटतं, पण पहिल्या फटक्यात जवळजवळ कोणाचाच जुळत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कुटुंबप्रमुखाचं सरासरी वय 26 आलं. निबंधात ते चाळिशीच्या वर होतं. दिवसभर सूत्रं तपासली. संध्याकाळी वयाचा स्तंभ लहानापासून मोठ्यापर्यंत लावून बघितला, तर सगळ्यात वर उणे 99, उणे 99, उणे 99 अशी रांगच. ज्यांनी वय सांगितलं नाही त्यांच्यापुढे भरलेला तो संकेतांक होता, आणि माझं सूत्र तो वय म्हणून मोजत होतं. डेटासोबतच्या माहितीपुस्तिकेत तो चौथ्याच पानावर दिलेला होता. तेव्हापासून नवी फाइल उघडली की आधी पुस्तिका वाचते, मग प्रत्येक स्तंभातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघते, मग रिकामे रकाने मोजते. रिकामा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेवढं विसरू नका.

या सरावात सॉफ्टवेअर आपोआप शिकून होतं. आर (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच घ्या. प्रत्येक पायरी लिहून ठेवलेली राहते, त्यामुळे सहा महिन्यांनी "हा आकडा कुठून आला?" असं कोणी विचारलं तर दाखवता येतं. सांख्यिकी म्हणाल, तर नमुना निवडणं, सरासरीभोवतीची अनिश्चितता, आणि प्रतिगमन (रिग्रेशन, म्हणजे दोन किंवा अधिक गोष्टींमधला संबंध आकड्यांत मांडायची पद्धत) म्हणजे काय व ते काय सांगू शकत नाही, एवढ्यावर पहिलं वर्ष सहज निघतं.

दुसरं मोठं कौशल्य म्हणजे आधी झालेले सगळे अभ्यास एकत्र वाचणं. आवडलेला एकच अभ्यास उचलायचा आणि त्यावर शिफारस रचायची, हे या क्षेत्रात सर्रास चालतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तान्ह्या बाळांना पालथं झोपवावं असा सल्ला अनेक देशांत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत दिला जात होता. पालथं झोपवण्याचा झोपेतल्या अचानक मृत्यूंशी संबंध आहे हे स्पष्ट झालं आणि सल्ला बदलला. पुढे 2005 मध्ये संशोधकांनी जुने सगळे अभ्यास गोळा करून कालक्रमाने मांडले. त्यांच्या लक्षात आलं, की तेव्हाचे अभ्यास कोणी एकत्र करून बघितले असते तर हा धोका 1970 मध्येच दिसला असता, आणि एकट्या ब्रिटनमधली 10,000 हून अधिक बाळं वाचली असती. माहिती ग्रंथालयांत पडून होती. ती एकत्र मांडायचं काम कोणी केलं नव्हतं.

याला पद्धतशीर आढावा म्हणतात. आरोग्यासाठी 1993 पासून कॉक्रेन आणि सामाजिक धोरणांसाठी 2000 पासून कॅम्पबेल ही संस्था असे आढावे करते. कोणताही विषय हाती आला की आधी तिथे शोधा. आढावा नसेल तर छोटा स्वतः करा, पण कोणते अभ्यास घेणार आणि कोणते वगळणार हे शोध सुरू करण्याआधी लिहून तारीख टाका. नंतर ठरवायला बसलात तर नावडते अभ्यास कमकुवत वाटायला लागतात. माझ्याही बाबतीत हे झालंय, आणि कागदावर तारीख होती म्हणूनच मला ते पकडता आलं.

"तिथे चाललं म्हणून इथेही चालेल" याबाबतीत मात्र फार जपा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून 79 शाळांत एक प्रयोग झाला. मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं लहान आणि नेहमीच्या वर्गांत वाटलं होतं. लहान वर्गात 13 ते 17 मुलं, नेहमीच्या वर्गात 22 ते 25. लहान वर्गातली मुलं अभ्यासात पुढे गेली. पुरावा भक्कम होता. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये राज्यभर वर्ग लहान करायला घेतले. एकाच वेळी हजारो नवे शिक्षक आणि नव्या खोल्या लागल्या. पुरेसं प्रशिक्षण नसलेल्यांना वर्गावर उभं करावं लागलं, आणि अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळा सोडून नव्याने निघालेल्या जागांवर गेले. फायदा टेनेसीसारखा दिसला नाही. टेनेसीच्या प्रयोगात शिक्षकांचा तुटवडा हा मुद्दाच नव्हता, त्यामुळे त्या अहवालात तो शोधून सापडला नसता. हे आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी योजना प्रत्यक्ष राबवणाऱ्या माणसांशी बोलावं लागतं. समाजशास्त्राची पार्श्वभूमी असल्यामुळे मुलाखत कशी घ्यावी, गप्प कधी बसावं, हे तुम्हाला येत असेल. आकडेवारीच्या धास्तीने ते बाजूला टाकू नका. या कामात त्याची टंचाई आहे.

राहिलं टिपण. निष्कर्ष, आपला अंदाज आणि शिफारस ही तीन वाक्यं वेगळी लिहा. "आम्हाला हे दिसलं", "त्यावरून आम्हाला असं वाटतं", "म्हणून हे करावं". एकात एक मिसळली की वाचणाऱ्याला कशावर किती भार टाकावा ते कळत नाही. "जनजागृती वाढवावी", "संबंधितांनी समन्वय साधावा" अशी वाक्यं दिसली की खोडा. कोणी, काय, कधीपर्यंत, कशातून पैसा काढून, हे नसेल तर ती शिफारस नव्हे. आणि आपली शिफारस चुकतेय हे कशावरून ओळखायचं, हेही एका ओळीत लिहा. माझ्या एका जुन्या कार्यालयात ही ओळ काढून टाका म्हणून दबाव आला होता, टिपण कमजोर दिसतं म्हणून. मी ती ठेवली. निर्णय घेणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत चर्चा केली ती त्याच ओळीवर.

त्या प्रशिक्षण योजनेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या तुकडीला जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तेव्हा आम्ही सोडतीने प्रवेश द्यायची विनंती केली. अर्जदारांनाही ते न्याय्य वाटलं. वर्षभराने दोन्ही गटांना फोन केले. ज्यांना शिकता शिकता एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात काम करायला मिळालं होतं त्या शाखांत फरक स्पष्ट होता, नुसत्या वर्गातल्या शाखांत जवळपास काहीच नव्हता. या वेळचं टिपण दोन पानांचं झालं. शिफारस अशी होती: विस्तार थांबवावा, वर्गातल्या शाखांचा निधी प्रत्यक्ष कामाच्या शाखांकडे वळवावा, आणि दोन तुकड्यांनंतरही सोडतीतल्या दोन गटांत फरक दिसला नाही तर तो निधीही बंद करावा.