अंगणातली जुनी पद्मिनी: बॅटरी नंतर, आधी चटई उचला

तुम्ही विचारलंय, की बाबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी सतरा वर्षं नागपुरातल्या घराच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी आहे, बाबा आता नाहीत, आणि मेकॅनिक म्हणतोय, ‘बॅटरी टाकून पाहू, होईल सुरू.’ तर सुरुवात कुठून करावी?

बॅटरी टाकू नका. बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल, एवढं ऐका.

माझ्या मामांची 1976 ची फियाट नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात अकरा वर्षं उभी होती. (कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडे ती फियाटच. कोणी तुमच्या गाडीला ‘डुक्कर फियाट’ म्हणालं तर मनावर घेऊ नका, ती पन्नासच्या दशकातली, वेगळी.) दिवाळीला सगळे मामेभाऊ जमले, जीपला दोर बांधला, गाडी तिसऱ्या गिअरात टाकली आणि मी क्लच सोडला. आतून ‘कच्च’ असा आवाज आला आणि गाडी चक्क सुरू झाली! निळा धूर, गल्लीतल्या पोरांच्या टाळ्या, मामींनी नारळसुद्धा आणला. चार मिनिटांनी इंजिन खडखडायला लागलं. उघडलं तेव्हा दोन पिस्टनच्या रिंगा तुटलेल्या आणि तुकड्यांनी बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, उभे ओरखडे पडलेले. रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या होत्या, आम्ही त्या जबरदस्तीने ओढल्या. बॅटरी टाकून स्टार्टर मारला तरी हेच होतं. रीबोअर (सिलिंडर आतून कोरून मोठे करणं), नवे मोठ्या मापाचे पिस्टन, सगळं आलं. दोन चमचे तेल आणि आठवडाभराचा धीर एवढ्यात ते भागलं असतं.

इंजिनकडे येऊच, पण आधी आतल्या चटया उचला. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. इंजिन बिघडलं तर दुसरं बसवता येतं. फरशी आणि दारांखालच्या लांब पेट्या गेल्या, तर गाडी मधोमध वाकते, दारं लागेनाशी होतात. नागपूरची हवा कोरडी म्हणून आपण निर्धास्त असतो, पण कूलरचा टब आठवा: वरून रंग शाबूत आणि बुडाशी हात लावला की पापुद्रे. इथेही तेच होतं. कडुलिंबाचा पाला काचेखालच्या जाळीत साचतो, पावसाचं पाणी आत झिरपतं आणि चटईखाली महिनोन्महिने मुरत राहतं. मामांच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली मी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वाकून पाहिलं, तर भोकातून वाड्याची फरशी दिसत होती आणि तिच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती.

तेव्हा टोचून पाहा, आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आत पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि एक चूक टाळा: हे काम ट्रकच्या बॉडीला वेल्डिंग करणाऱ्याला देऊ नका. त्याच्या आर्कने हा पातळ पत्रा जळून भोकं वाढतात. मिग वेल्डिंगवर (यात बारीक तार वितळवून जोडतात) किंवा गॅसवर हळू हाताने टाके मारणारा माणूस शोधा, भले महिनाभर थांबावं लागलं तरी.

पत्रा बघून झाला की त्याच आठवड्यात कागद काढा. आरसी बुक शोधा आणि चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. जुन्या गाड्यांचं इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर त्याचा पत्ता नसतो. गाडी बाबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म 25. एवढ्या जुन्या नोंदी कधी कधी संगणकावर चढलेल्याच नसतात, मग आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. अमरावती रोडवरच्या आरटीओत माझ्या चार चकरा झाल्या, त्यातल्या दोन फक्त याच कामासाठी. पर्यावरण कर आणि नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट हेही खर्चात धरा. ‘व्हिंटेज’मध्ये टाकू असं कोणी सुचवलं तर थांबा: 2021 च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते, म्हणजे तुमची 2028 नंतर, आणि तशी नोंदली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. बाबांच्या गाडीत आईला टेकडीच्या गणपतीला न्यायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. आणि कागद मुळातच जुळत नसतील, तर ते पत्र्यावर पैसे घालण्याआधी कळलेलं बरं.

आता इंजिन. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल समसमान मिसळून टाका आणि आठवडाभर विसरून जा. तोवर एअर फिल्टर उघडा. आमच्यात उंदरांनी कूलरच्या जुन्या गवताचं अख्खं घरटं केलं होतं, आणि वायरी कुरतडल्या होत्या त्या वेगळ्याच. नंतर पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचं एक चाक उचलून गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नाही), चौथा गिअर टाका आणि ते चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करा. ब्रेकच जाम असतील तर आधी ते सोडवा. इंजिन फिरलं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. मी शेवटी ज्यांच्याकडे गेलो ते म्हातारे मिस्त्री म्हणायचे, ‘काऊन घाई करता भाऊ? इतकी वर्सं उभी होती, अजून पंधरा दिवस उभी राहू द्या नं.’

मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवं भरा, रेडिएटर धुवा, आणि मगच बॅटरी. तेव्हाही प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर फिरवा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत असेल. टाकी उतरवून धुवा. पहिल्यांदा सुरू कराल ते बाहेर टांगलेल्या बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवर. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते त्या काळच्या रबराला मानवत नाही, म्हणून गाडीतले पेट्रोलचे पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा इथेनॉल सोसणारे घ्या.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजलेले असणार, सगळे उघडायचेच. ड्रममधली पूड कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या. टायर नक्षी कितीही छान दिसली तरी बाद.

सुट्या भागांचं फार टेन्शन घेऊ नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, पण एवढी वर्षं तिथे टॅक्स्या धावल्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून बरंच सापडतं. नाहीतर दिल्लीचं काश्मिरी गेट. मात्र काढलेला जुना भाग नवा हातात येऊन बसेपर्यंत भंगारात देऊ नका. दाराचं एक हँडल मी असंच घालवलं.

रंगाचं सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात रंगावर पांढरी झाक येते, नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तो फवारणीच्या बंदुकीतून निघता निघताच सुकतो.

पेंटर आजच दर विचारायला आला असेल तर चहा पाजून परत पाठवा. तुमच्या चटईखाली काय निघालं ते इथे लिहा. फोटो टाकलात तर पेट्यांचा पत्रा वाचण्यासारखा आहे की नाही ते सांगता येईल.