चार रंगांत चेहरा

प्रश्न : मी दीड वर्षापासून तैलरंगांत व्यक्तिचित्रणाचा सराव करीत आहे. चोवीस नळ्यांचा संच असूनही त्वचा गढूळ दिसते. मोजक्या रंगांत शिकण्याचा सल्ला मिळाला, परंतु त्या यादीत निळा रंगच नाही. सध्या वडिलांचे चित्र घेतले आहे. निळ्याशिवाय सावल्या आणि पांढरा सदरा कसा साधावा?

उत्तर : आपल्याला सांगितलेली यादी बहुधा स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखली जाणारी असावी : पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). पाऱ्यापासून बनणाऱ्या व्हर्मिलियनऐवजी आता कॅडमियम रेड लाइट घेतात. झॉर्न यांनी पाण्याच्या चित्रांत निळाही वापरला आहे, त्यामुळे ही यादी म्हणजे व्रत नव्हे. शिकणाऱ्यासाठी मात्र ती फार गुणाची आहे.

निळ्याचे काम इथे काळा करतो. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळून तांबूस त्वचेशेजारी लावला की डोळ्यांना तो निळसरच भासतो, आणि ऑकरमध्ये मिसळला की शेवाळी हिरवा होतो. वडिलांची दाढी केलेली हनुवटी निरखून पाहा. कपाळ पिवळसर, नाक, गाल व कान लालसर आणि जबड्याचा भाग राखाडी दिसेल. ती राखाडी छटा गालाच्याच मिश्रणात किंचित काळा व पांढरा घालून मिळते. सदऱ्याच्या चुण्याही याच राखाडीने रंगवाव्यात, फक्त उजेडाकडच्या पांढऱ्यात कणभर ऑकर असावा.

त्वचा गढूळ होण्याचे कारण बहुतेक वेळा रंगांत नसते, उजेड-अंधाराच्या चुकलेल्या पायऱ्यांत असते. म्हणून आधी काळ्या-पांढऱ्याची पाच टप्प्यांची पट्टी करून, डोळे किलकिले करून, चेहऱ्याचा प्रत्येक भाग कोणत्या टप्प्यात बसतो ते ठरवावे. मग प्रत्येक टप्प्याचे त्वचेचे मिश्रण पॅलेट नाइफने (रंग कालवण्याच्या पात्याने) आधीच कालवून ठेवावे. आपल्याकडच्या सावळ्या वर्णासाठी मी ऑकर आणि लाल यांपासून सुरुवात करून काळ्याने गडद करीत जाते. पांढरा शेवटी, तोही अगदी बेताने, कारण टिटॅनियम व्हाइट जास्त झाला की त्वचा खडूसारखी कोरडी दिसते. सावलीत पांढरा शक्यतो नकोच.

गर्द निळा किंवा जांभळा मात्र या चौघांतून निघत नाही. वडिलांच्या मागची भिंत तशी असेल, तर खुशाल अल्ट्रामरीन या गर्द निळ्याची नळी उघडावी.