पुण्याच्या जपानी-कोरियन दुकानात पहिल्यांदा जाताना

कोल्हापुरातनं एवढ्या लांब जाताय, तर आधी काउंटरवर खा, खरेदी नंतर. एक प्लेट तोक्बोक्की मागवा: तांदळाच्या चिवट कांड्या, वर लालभडक सॉस. रंग बघून तांबड्या रश्शाचा झणका शोधू नका. त्यातलं गोचुजांग, म्हणजे कोरियन मिरचीची पेस्ट, गोडसर असतं. मिरचीबरोबर तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन. चव पटली तरच गोचुजांगचा डबा घ्या, तोही लहान. किमचीला, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्याला, मात्र गोचुगारू ही जाडसर मिरचीपूड लागते. तिथं आपली कांदा-लसूण चटणी अजिबात नको, तिच्यातल्या खोबऱ्यानं किमची बिघडते.

शाकाहारी असाल तर 'चिकन-मटण आहे का' एवढंच विचारून भागत नाही. किमचीत बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) सूपच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्शात, सुकवलेला बोनिटो मासा. आयातदाराच्या स्टिकरवर हिरवा ठिपका बघा.

मिसो वाटीभर पाण्याला एक मोठा चमचा, गॅस बंद केल्यावर कालवायचा. उकळला की सुवास जातो. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले पातळ कागद, हवाबंद डब्यातच ठेवा, आपल्या पावसाळ्यात लगेच सादळते. गोठवलेल्या कांड्या परतीच्या चार-पाच तासांत वितळतात, म्हणून बाहेर टिकणारं व्हॅक्यूम पाकीट घ्या.