सांधा नवा, स्नायू जुनेच

प्रश्न : खुब्याचा सांधा बदलून चार महिने झाले. दुखणं गेलं, रोज पाऊण तास चालते. पण लंगडणं जात नाही. पाय आखूड झाला असेल का? (वय 63, सातारा)

उत्तर : असू शकतो, सर्जनकडून पाय मोजून घ्या. पण माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेकदा गुन्हेगार वेगळाच निघतो : खुब्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मिडिअस. एका पायावर उभं राहिलं की कंबर सरळ धरायची, हे त्याचं काम. सांधा झिजत होता तेव्हा तुम्ही वर्षानुवर्षं तो पाय वाचवत चाललात आणि हा स्नायू वाळत गेला. ऑपरेशनमध्ये हाड बदललं, स्नायू जुनाच राहिला.

घरीच पाहा. आरशासमोर, टेबलाला बोटं टेकवून ऑपरेशनच्या पायावर उभ्या राहा. परकराची नाडी दुसऱ्या बाजूला खाली झुकली, तर चोर सापडला.

नुसत्या चालण्यानं तो सुधारत नाही, कारण चालताना भार रोज तेवढाच असतो. उभं राहून पाय हळू बाजूला न्या; पाऊल समोर, धड सरळ. धड कललं की कंबरच सगळं काम करते आणि आपल्याला वाटतं व्यायाम झाला! दहा-दहाच्या दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं झालं की घोट्याला अर्ध्या किलोचा वेट कफ (बांधायचं वजन), मग एक किलोचा. शेवटचे दोन जड गेलेच पाहिजेत. काठी वापरत असाल तर ती ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरा.

प्रश्न : वडिलांच्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेत. मी जिमला जातो, त्यांच्यासाठी रबरी पट्टे आणलेत. सुरू करू? (नाशिक)

उत्तर : आधी सर्जनना विचारा, सांधा कुठल्या बाजूनं उघडला होता. बाजूनं उघडला असेल तर तोच स्नायू सोडवून पुन्हा शिवलेला असतो. साधारण सहा आठवडे त्याला पट्ट्याचा ताण नको. मागून उघडला असेल तर खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं सर्जन सांगतील तोवर बंद. सध्या त्यांना उशी घातलेल्या उंच खुर्चीतून उठ-बस करू द्या, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवून. हात न टेकता जमलं की पातळ उशी.

प्रश्न : मांडी घालून पूजेला कधी बसता येईल?

उत्तर : पहिले तीन महिने नकोच. पुढचं सर्जन ठरवतील. खुर्चीत बसून केलेली पूजाही देवाला चालते.

प्रश्न : व्यायामानंतर दुखलं तर थांबवायचं का?

उत्तर : मांडीत-कुल्ल्यात एक-दोन दिवस ठणकलं तर घोट्याचं वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. मात्र पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आलं, किंवा एकदम कळ येऊन पाय आखूड, वळलेला दिसला आणि त्यावर उभंच राहता येईना, तर फिजिओथेरपिस्टला फोन करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. दम लागला, छातीत दुखलं तरीही तेच.